सिम्बावरचा खुंट

या, असे जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं. माझा आवाज आता लांब जात नाही, आणि ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखीही नाही. एका दमलेल्या बाईची गोष्ट सांगतो. तिला अकरा महिने झोप नव्हती, आणि तिच्या झोपेवर सहा दिवसांच्या एका बाळाचं नाव अडून बसलं होतं. गोष्ट हळू चालेल, कारण बाईचे गुडघे दुखत होते. पण प्रभूच्या दयेने शेवटाला पोचू.

गाडीतून उतरताना युनियाने सहज वर पाहिलं आणि तिचा एक पाय गाडीत, एक पायरीवर, असाच राहिला. समोर गवताने शाकारलेलं गोल घर होतं आणि छपराच्या शेंड्यावर खुंट उभा होता. सरळ, तासलेला, टोकदार. घराचा धनी जिवंत आहे, आत आहे, किंवा जाळी ओढायला गेलाय आणि येईलच, असं सांगणारा खुंट. शेजारी तसंच दुसरं घर, त्यावरही खुंट; मग तिसरं. सरोवराच्या काठाने आठ घरं आणि आठ खुंट, आणि एकाही उंबऱ्यात बाप्या माणसाची चप्पल नाही. तिच्या गावी, असेंबोला, तिच्या स्वतःच्या पत्र्याच्या घरावरचा खुंट अकरा महिन्यांपूर्वी उतरवला होता. धनी गेला की उतरवतातच. धाकटा दीर शिडी लावून वर चढला होता, त्याला धाप लागली होती. खुंट उपटताना पत्रा जो कुरकुरला, तो आवाज खालच्या एवढ्या रडारडीतही तिला वेगळा ऐकू आला होता. दिराने भोकात फडकं कोंबलं. ते पुढे उंदरांनी नेलं. तेव्हापासून पलंगावर उताणं पडलं की त्या भोकातून बटणाएवढं आभाळ दिसायचं, आणि ते तिच्याकडे बघत राहायचं. कुणी असं टक लावून बघत असल्यावर माणूस डोळे मिटेल कसा? थोरली सून म्हणाली, सिमेंट लावून घेऊ. तिने लावू दिलं नाही. का लावू दिलं नाही, हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

"आई, जपून. पायरी ओली आहे," जावई म्हणाला. टोबियास त्याचं नाव. शाळेत गणित शिकवायचा. तो समोरच्या काचेकडे बघत बोलत होता, कारण सासूच्या तोंडाकडे बघायचं नसतं, आणि सासूनेही जावयाच्या छपराखाली रात्र काढायची नसते. दिवसा मुलीपाशी बसावं, बाळ मांडीवर घ्यावं, ऊन उतरलं की निघावं. गावातल्या गावात असतं तर कुणा नातलगाकडे सोय झाली असती. किसुमू शहरात कुणी नव्हतं, म्हणून हे हॉटेल.

"वर खुंट कुणाचा?" युनियाने विचारलं.

"कसला खुंट?"

"छपरावर बघ."

टोबियासने खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. शहरात वाढलेला. "शोभेचा असेल, आई."

शोभेचा. फाटकावरच्या पाटीवर आयाळ पिंजारलेला सिंह रंगवला होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सिम्बा किनारा लॉज. स्वाहिलीत सिम्बा म्हणजे सिंह, एवढं तिलाही कळत होतं. पण तिच्या तोंडच्या भाषेत, लुओत, सिम्बा म्हणजे वयात आलेल्या मुलग्याला बाप कुंपणाच्या दाराशी जी वेगळी झोपडी बांधून देतो ती. अविवाहिताची खोली. मुलगा लग्न करतो, पुढे स्वतःचं आवार थाटतो, तेव्हा त्याच्या घरावर खुंट चढतो. सिम्बावर खुंट नसतो. कधीच नसतो. ज्याने ही आठ घरं उभी केली त्याने कुणाच्या तरी आवारात मान वर करून खुंट पाहिला, त्याला तो आवडला, आणि त्याने आठ करून घेतले. असल्या माणसावर रागावणार तरी कसं.

चावी घेऊन आली ती सिप्रोसा, चाळिशीची, खोल्यांचं बघणारी. युनियाची पिशवी तिने डोक्यावर घेतली. "कुठल्या तुम्ही?"

"उयोमाची. असेंबोला दिलेली."

"म्हणजे न्यार उयोमा. मी सेमेची." आमच्याकडे लग्न झालेल्या बाईला तिच्या माहेराच्या नावाने हाक मारतात. न्यार उयोमा, उयोमाची लेक. त्या हाकेने युनियाचं पाऊल थबकलं, कारण अकरा महिन्यांत तिला तसं कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांची आई झालेली, आजी झालेली. लेक कुणाचीच नाही. सिप्रोसा पुढे चालत होती. "जावयाने आणून सोडलं ना? कळतं बघा. शनिवारी तर अर्धं हॉटेल सासवांनी भरतं. गोरे येतात पाणघोडा बघायला आणि आपल्या बायका येतात जावयाचं तोंड चुकवायला."

"आणि निजवता कुठे, तर सिम्बात."

"सिम्बात." सिप्रोसा खिदळली. "या वयात. गावी सांगू नका हं, न्यार उयोमा. म्हणतील म्हातारी पोरांच्या खोलीत राहून आली."

खोली आतून गोल होती. भिंती शेणामातीने सारवल्यासारख्या. हात लावला तर सिमेंट. सिमेंट ओलं असताना कुणीतरी त्यात बोटं ओढली होती, अर्धगोल, अर्धगोल, थेट वरपर्यंत. युनियाने आपला पंजा त्या रेघांवर ठेवून पाहिला. मोठा हात. पुरुषाचा. सगळीकडे तोच एक हात. तिच्या घराच्या भिंतीवर तिचा हात होता, सासूचा होता, पोरी चालायला लागल्यावर लेकीचा, रिस्पाचा इवलासा पंजा खाली कोपऱ्यात होता. इथे सूप भिंतीला खिळ्याने ठोकलेलं. मडक्याच्या पोटात दिवा. उखळ दाराशी उभं, त्यात छत्र्या. आयुष्यभर ज्या वस्तूंनी तिची कंबर मोडली त्या सगळ्या इथे विश्रांती घेत होत्या. तिला हसू आलं, मग हसण्याचाही शीण आला आणि ती पलंगाच्या कडेवर बसली. सिप्रोसाने जेवण आणून ठेवलं, उकड आणि मासा. माशाला डोकं नव्हतं. "डोकं कुठे गेलं?" "पाहुण्यांना डोळे बघवत नाहीत हो." ती डोकं नसलेला मासा थोडा खाऊन थांबली. तिचे धनी हेझ्रोन असते तर म्हणाले असते, या माशाला उपदेश करता येणार नाही, याला कान कुठायत. ते असलं काहीतरी म्हणायचेच, आणि ती तोंड फिरवून हसायची.

ती रात्र गेली तशी गेली. छपराला भोक नव्हतं. गवताखाली पत्रा होता, त्याखाली बांबूची चटई, सगळं घट्ट; आभाळ कुठूनही बघत नव्हतं. तरी झोप आली नाही. पहाटे सरोवरावरच्या जलपर्णीत पाणघोडा घोरल्यासारखा फुसफुसला. गडी तरी झोपलाय, असं तिला वाटलं.

आणि झोप तर यायला हवी होती. त्यासाठीच तिला बोलावलं होतं. रिस्पाचं बाळ सहा दिवस रडत होतं. अंगावर लावलं की दोन घोट घेई आणि मान मागे टाकून पुन्हा सुरू. डॉक्टरांनी पोट पाहिलं, कान पाहिले, टाळू पाहिली. बाळाला काही नाही, म्हणाले. वजन मात्र उतरत होतं. मग टोबियासची थोरली आत्या म्हणाली, याला नाव हवंय, कुणीतरी गेलेलं माणूस दारात उभं आहे. आमच्याकडे असंच करतात: गेलेल्यांची नावं एकेक घ्यायची आणि बाळाला पदराखाली लावायचं, ज्या नावाला ते शांत होऊन पिईल ते त्याचं. टोबियासकडचे सगळे आजे-पणजे घेऊन झाले, पाण्यात बुडालेला चुलताही झाला. बाळ थांबलं नाही. उरली आईकडची माणसं, आणि त्या बाजूने नाव उगीच घ्यायचं नसतं. ज्याला यायचंय तो आधी कुणाच्या तरी स्वप्नात येऊन सांगतो. रिस्पाने आईला फोन केला. तिचा आवाज सुकलेला, टाके दुखत होते. "आई, बाबा आले का गं तुझ्या स्वप्नात?" आणि युनियाला म्हणता आलं नाही की बाई, स्वप्नाला आधी झोप लागते.

तुम्ही म्हणाल, उपदेशकाच्या घरी असल्या गोष्टी? हेच तर हेझ्रोन म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी असेंबोच्या छोट्या चर्चमध्ये उपदेश केला, आणि उपदेश म्हणजे गाऊन. कागद वाचणारे उपदेशक पुष्कळ असतात. हेझ्रोन उभे राहायचे, आधी बोलायचे, साधंच, बाजारातल्यासारखं. मग बोलता बोलता आवाज कुठेतरी वर उचलला जायचा, वाक्याला चाल लागायची आणि आपण कधी गाण्यात शिरलो ते माणसाला कळायचं नाही. ओळ अर्धी म्हणून ते थांबायचे. तिथे ढोलावर एक थाप पडायची, आणि पहिल्या बाकावरून युनिया उरलेली अर्धी ओळ उचलायची, मग सगळं चर्च तिच्या मागून. त्या थांबण्यात, त्या थापेत आणि तिच्या तोंडातल्या अर्ध्या ओळीत जे काही होतं ते तिला पुढे संसारात कुठे मिळालं नाही, इतकं ते गोड होतं. अशाच एका उपदेशात ते म्हणाले होते की मेलेली माणसं प्रभूपाशी सुखात आहेत, त्यांना आपली नावं मागत दारोदार हिंडायला वेळ नाही. मी गेलो की माझी वाट बघू नका, मी यायचा नाही. सगळे हसले होते. युनियाने ओळ उचलली होती. आता ती ओळ गळ्यात काट्यासारखी अडकली होती. ते आले तर त्यांचा शब्द खोटा पडणार. नाही आले तर ती एकटी. आणि प्रभूची क्षमा मागून सांगतो, तिला त्यांचा शब्द खोटा पडायला हवा होता. हेझ्रोन ही हाक पुन्हा कुणाला तरी मारायची होती. अंगणातून, जेवायला, रागावून, कशीही.

सकाळी टोबियासने तिला घरी नेलं. रिस्पा खिडकीशी बसलेली, डोळ्यांखाली काळं. बाळ तिच्या मांडीवर पिळवटत होतं, एवढंसं तोंड सगळं उघडं. युनियाने घेतलं, खांद्याला लावलं, गुणगुणली, फेऱ्या मारल्या. चार फेऱ्यांत गुडघे बोलायला लागले.

"आले का?" रिस्पाने विचारलं.

"झोप लागली नाही गं."

"एवढ्या चांगल्या खोलीत?"

"जागा नवी."

रिस्पाने दुपट्याची घडी घातली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "आई, आले नसले तरी आले म्हण. काय बिघडतं? बाबांचंच नाव ना. कुणाचं चोरतो थोडंच आपण." आणि रडायला लागली, तोंड बाळासारखंच उघडं, पण आवाज न करता. दाराबाहेर ओसरीवर टोबियासची आत्या मटार सोलत होती. तिचे हात थांबले आणि पुन्हा सुरू झाले. युनियाने बाळाचं डोकं हुंगलं. हो म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द. आणि बाळ त्या नावाला थांबलं नाही तर? मग हेझ्रोनही त्या बुडालेल्या चुलत्यासारखे, घेऊन पाहिलेलं आणि टाकलेलं नाव. "दुपारी पडून बघते," ती म्हणाली. "संध्याकाळी सांगते. टोबियासला पाठव."

दुपारी सिम्बात परतली तेव्हा ऊन सरोवरावर असं पसरलं होतं की पाण्याकडे बघवत नव्हतं. पलंग मऊ, मऊपणात पाठ बुडायची. तिने चादर ओढली, जमिनीवर अंथरली आणि कुशीवर पडली. जमीन गार होती. डोळ्यांसमोर भिंतीवरच्या त्या बोटांच्या रेघा, अर्धगोल, अर्धगोल. मोठा हात. असा मोठा, रुंद हात तिने पाहिलेला होता. ती तो आठवायला लागली, म्हणजे खरं तर आठवायला लागली नाही, कारण उठून बसायचा कंटाळा येतो तसा तिला आठवायचाही कंटाळा आला होता. तो हात आपणच आला. ढोलावर पडायचा. ओबियेरोचा हात.

ओबियेरो चर्चचा ढोलकरी. हेझ्रोनच्या चुलत्याच्या आवारात दाराशी त्याची सिम्बा, बापाने अठराव्या वर्षी बांधून दिलेली. त्याचं लग्न झालं नाही. एकदा ठरलं होतं, ती मुलगी कुणा होडीवाल्याबरोबर किनाऱ्यापलीकडे गेली, मग पुन्हा ठरलं नाही. साठाव्या वर्षीही तो त्याच सिम्बात राहायचा, कूड कलंडू नये म्हणून बाहेरून टेकू, आणि गल्लीतली पोरं त्याला सिम्बाचा म्हातारा म्हणायची. रिस्पाला त्याने खांद्यावर बसवून चर्चला नेलं होतं, ढोलावर तिचे हात आपटून घेतले होते. आणि एक गोष्ट फक्त तिघांना माहीत होती. शेवटची सातआठ वर्षं हेझ्रोनना ओळी आठवायच्या नाहीत. मध्येच डोळे रिकामे व्हायचे. तिथे ओबियेरो थाप द्यायचा, एक नाही, दोन, तीन, लांबवायचा, फिरवायचा, लोकांना वाटायचं काय रंगलंय. तेवढ्यात हेझ्रोनना ओळ सापडायची, नाहीतर युनिया पहिल्या बाकावरून ती हळूच पुढे सरकवायची. तो त्याबद्दल कधी बोलला नाही. एकदाच, चहा पिताना, हेझ्रोनना म्हणाला होता, "उपदेशक, वर गेल्यावर तरी मला आवाराचा मालक करतील का हो? की तिथेही सिम्बाच?" हेझ्रोन म्हणाले, "तिथे छपरंच नसतात रे, खुंट ठोकणार कशात?" तिघेही हसले. ओबियेरो जरा उशिरा थांबला.

तीन वर्षांपूर्वी तो गेला. बिनलग्नाच्या पुरुषाला आवाराच्या आत पुरत नाहीत. मागच्या कुंपणात खिंड पाडली, तिथून त्याला बाहेर काढला, शेराच्या झाडांपलीकडे खड्डा. खुंट उतरवायचा प्रश्नच नव्हता. हेझ्रोननी प्रार्थना म्हटली. गायले नाहीत. आणि ते कुंपणाच्या आत उभे राहून म्हणत होते. खिंडीतून बाहेर आले नाहीत. बाहेर ओबियेरो, आत उपदेशक, मध्ये तोडलेला शेर आणि त्याचा पांढरा चीक. घरी आल्यावर युनियाने विचारलं, "आत का उभे राहिलात?" ते म्हणाले, "वडीलधारी मंडळी होती." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "पाणी दे." त्या रविवारपासून त्यांचे उपदेश आखूड झाले. थांबायचे तिथे थाप पडायची नाही. म्हणून ते थांबेनासे झाले. गाणं गेलं. कागद आला. युनियाच्या वाट्याला उचलायला ओळच उरली नाही, आणि हे तिला आत्ता कळत होतं की तिची झोप हेझ्रोनबरोबर गेली नव्हती, ती त्या आधीच थोडीथोडी जायला लागली होती...

आणि इथे तिला झोप लागली.

स्वप्न असं काही मोठं नव्हतं. दार उघडं होतं. ओबियेरो उंबऱ्याबाहेर उभा, काखेत ढोल, पाय पुसत होता. पाय कोरडे होते तरी पुसत होता. युनियाने त्याच्या मागे पाहिलं.

"ते कुठायत?"

"उपदेशक ना? ते यायचे नाहीत, न्यार उयोमा. चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं की त्यांनी. शब्दाचे पक्के."

"मग तू कसा आलास?"

"मला कुणी येऊ नको म्हणालं नव्हतं," ओबियेरो म्हणाला. मग मागे सरून त्याने मान वर केली. बराच वेळ वर बघत राहिला. "ही सिम्बाच ना?"

"पाटीवर तेच लिहिलंय."

"वर खुंट आहे."

"आहे."

"घर कुणाचं?"

"कुणाचंच नाही," युनिया म्हणाली.

"मग बसतो थोडा," असं म्हणून तो आत आला आणि भिंतीला टेकून बसला, ढोल मांडीवर घेऊन. वाजवला नाही. नुसता हात ठेवून बसला. आणि स्वप्नातच युनियाला पुन्हा झोप लागली, आत आत, जिथे स्वप्नही नसतं.

जागी झाली तेव्हा भिंतीवरचं ऊन तांबूस झालं होतं. गालावर चादरीच्या वळ्या उमटल्या होत्या, तोंडातून लाळ आलेली. अंग इतकं हलकं आणि इतकं जड होतं की आपलं वय तिला क्षणभर आठवेना. मग सगळं आठवलं, आणि पहिल्यांदा आला तो राग. अकरा महिने ती दार उघडं ठेवून बसली होती. भोकही बुजवलं नव्हतं. होय, म्हणूनच बुजवलं नव्हतं. हे आता, गालावरच्या वळ्या चोळताना, तिला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. आणि आलं कोण, तर ज्याचं नाव कुणी ठेवत नाही तो. बिनघराच्या माणसाचं नाव बाळाला द्यायचं नसतं, पोर तसंच निघतं म्हणतात, कुंपणाबाहेरचं. टोबियासच्या आत्याला काय सांगायचं? आणि हे स्वप्न दुसऱ्या कुणी पाहिलं होतं का? नव्हतं. ती तोंड धुऊन येईल, केस सारखे करील आणि म्हणेल, हेझ्रोन आले होते. प्रभूला कळेल, पण प्रभूला तसंही बरंच काही कळतं आणि तो बोलत नाही.

सिप्रोसा चहा घेऊन आली. "जमिनीवर निजलात? पलंग टोचला का?"

"सिप्रोसा, ही भिंत कुणी केली?"

"कंत्राटदाराचा गवंडी होता कुणीतरी. का हो?"

"हात चांगला आहे," युनिया म्हणाली.

टोबियास पाण्याकडच्या फळ्यांच्या सज्ज्यावर वाट बघत होता. ती आल्याचं कळताच तो उठला, खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून, सरोवराकडे तोंड करून बसला. तीही बसली. दोघांच्या मध्ये चहाचं टेबल. जलपर्णीच्या हिरव्या गाद्यांवर बगळे पावलं मोजत हिंडत होते. जावयाच्या मानेवर शर्टाची कॉलर घामाने काळी झालेली तिला दिसली. त्यानेही सहा दिवस झोप घेतली नव्हती. तोंड दिसत नसलं की माणसाची मान फार बोलते.

"आई, रिस्पा विचारत होती," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"झोप लागली."

त्याची पाठ ताठ झाली. "आले?"

युनियाने पेल्याला दोन्ही हात लावले. हेझ्रोन तोंडात अगदी तयार होते, जिभेच्या टोकावर. ती थांबली. आणि थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की ती थापेची वाट बघते आहे.

"ओबियेरो आला," ती म्हणाली.

"कोण ओबियेरो?"

"ढोल वाजवायचा. आमच्या चर्चमध्ये. रिस्पाला माहीत आहे. त्याने तिला खांद्यावरून हिंडवलंय." मग, पुढे जे विचारलं जाणार होतं ते तिने आधीच सांगून टाकलं, "बायको नव्हती. मूल नव्हतं. कुंपणाबाहेर पुरलाय त्याला. माझा नवरा आत उभा राहिला तेव्हा, आणि मीही आतच होते."

टोबियासने मान खाली घातली. गणिताचा मास्तर, मनात मांडून बघत असावा. "आत्या म्हणेल, ज्याला घर नव्हतं अशा माणसाचं नाव."

"नव्हतं," युनिया म्हणाली. "दुपारपासून आहे."

त्याची मान वळली, वळता वळता थांबली, आणि पुन्हा सरोवराकडे गेली. पण मध्येच वर झाली. छपरांकडे, त्या आठ खुंटांकडे. त्याने फोन काढला. पलीकडून रिस्पाच्या आधी बाळच ऐकू आलं, ते रडणं आता बसलेल्या आवाजाचं, घासल्यासारखं. "आई म्हणतात, ओबियेरो," टोबियास म्हणाला. मग रिस्पाचा आवाज, एकदम लहान झालेला. "ढोलवाला? अय्या. ते मला ढोलावर बसवायचे." तिने फोन कुठेतरी ठेवला असावा. कपड्यांची सळसळ ऐकू आली, आणि मग तिचा आवाज, बाळाशी बोलणारा, ओबियेरो, ओबियेरो, ये, पी. रडणं चालूच होतं. टोबियासने फोन टेबलावर मधोमध ठेवला; दोघांचे चेहरे दोन दिशांना, फोन मध्ये. युनियाच्या उजव्या हाताची बोटं फळीवर पडली. एक थाप. मग थोडं थांबून दुसरी. सांगून पडली नाहीत, आपणच पडली. तिसऱ्या थापेच्या आधी पलीकडचं रडणं अर्ध्यावर तुटलं, जसं एखाद्याने ओळ अर्धी सोडावी, आणि मग गिळण्याचा आवाज आला, घटघट, घाईघाईने, आणि रिस्पाचं नाक ओढणं.

नावाने थांबलं, की थापेने, की सहा दिवसांनी दमून थांबलं, मला सांगता येणार नाही. रात्री पुन्हा थोडं रडलं म्हणतात, पोरं रडतातच. आत्या दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिने लंगोट धुताना त्याला नावाने हाक मारली. टोबियास त्या संध्याकाळी तिथेच बसून राहिला. "आई, चहा गार झाला, दुसरा मागवू?" म्हणाला, पाण्याकडे बघून. युनिया म्हणाली, मागव. हेझ्रोन ही हाक तिच्याजवळच राहिली, कुणाला न दिलेली. गावी परतल्यावर तिने थोरल्या सुनेला सांगितलं, भोकाला सिमेंट लावून घे. आणि दिराकडून कोयता मागून घेतला, एकटीच चुलतसासऱ्याच्या आवाराच्या मागच्या कुंपणापर्यंत गेली, आणि आता दाट झालेल्या शेरात पुन्हा खिंड पाडून बाहेर जाऊन उभी राहिली. गुडघे दुखेपर्यंत. तिथे ती गायली म्हणतात. ऐकायला कुणी नव्हतं.

तर बाबांनो, एवढीच गोष्ट. तुम्ही आता उठाल, आपापल्या घरी जाल, दार लावाल. लावण्याआधी घटकाभर वर बघा, आपल्या छपराकडे. आणि ज्याने दुसऱ्याच्या विसरण्यावर आयुष्यभर थाप देऊन ते झाकलं, ज्याला घर मिळालं ते चुकून, तेही दुपारच्या झोपेपुरतं, त्या ओबियेरोला तेवढं आठवा. नाव घेऊन आठवा.